डावखुऱ्यांसाठी: कात्री, वही, विळी आणि पंगत

डाव्या हाताने कात्री चालवली की कापड कापलं न जाता दोन पात्यांच्या मधे दुमडून बसतं. बघणारे म्हणतात, हाताला वळण नाही. खरं तर दोष कात्रीच्या जोडणीत असतो. डावखुऱ्या माणसाच्या रोजच्या अडचणी अशा नीट पाहिल्या तर तीन गटांत पडतात. काही वस्तूंची घडणच उजव्या हातासाठी असते: कात्री, एका बाजूने धार दिलेली पाती, एकाच चोचीचं भांडं. काही वस्तू ठीक असतात, फक्त त्यांची किंवा आपली जागा चुकलेली असते: वही, बाक, टेबलावरचा दिवा. आणि काही ठिकाणी वस्तूचा संबंधच नसतो, प्रश्न रीतीभातीचा असतो: ताट, प्रसाद, देणंघेणं. पहिल्या गटावर थोडे पैसे खर्च करावे लागतात, दुसऱ्याला अर्धा मिनिट पुरतो, तिसऱ्याला तारतम्य लागतं. हाताला वळण लावण्याचा उद्योग यातल्या कशालाच लागत नाही.

आधी आपला हात ओळखा

डावखुरा माणूस सगळीच कामं डाव्या हाताने करतो असं नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने करायचा, पण लिहितो डाव्या हाताने. सौरव गांगुली डावखुरा फलंदाज, पण गोलंदाजी उजव्या हाताची. रवी शास्त्री याच्या बरोबर उलट. म्हणून सात-आठ कामं मुद्दाम लक्ष देऊन करून बघा: लिहिणं, दात घासणं, काडी पेटवणं, चेंडू फेकणं, भाजी चिरणं, सुई चालवणं, केर काढणं, बरणी उघडणं. जे काम उजव्या हाताने बिनतक्रार होतंय ते तसंच राहू द्या. डाव्या हाताची खास वस्तू फक्त जिथे अडतं तिथेच घ्यायची.

कात्री: पहिला खर्च इथे करा

उजव्या हाताची कात्री कापायला धरतो तशी धरली की वरचं पातं उजव्या बाजूला असतं. कात्री उलटी-पालटी केली तरी हे बदलत नाही, त्यामुळे ‘उलटी धरून बघ’ हा सल्ला निरुपयोगी आहे. मूठ आवळताना उजव्या हाताचा अंगठा नकळत बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात. त्यामुळे दोन्ही पाती एकमेकांवर घासतात आणि कापतात. हीच कात्री डाव्या हातात गेली की तोच जोर पाती एकमेकांपासून लांब करतो. मधे फट पडते, कागद त्यात मुडपतो. शिवाय वरचं पातं नेमकं कापायच्या रेषेवर येऊन ती झाकतं, म्हणून डावखुरी मुलं मान वाकडी करून कापताना दिसतात.

खरी डाव्या हाताची कात्री ओळखायची खूण एकच: कापायला धरल्यावर वरचं पातं डाव्या बाजूला हवं. पाकिटावर ‘दोन्ही हातांसाठी’ लिहिलेल्या बहुतेक कात्र्यांची मूठ फक्त दोन्हीकडून सारखी असते, पाती उजव्याच हाताची असतात. त्या कात्रीने अंगठ्याला वळ पडणार नाहीत, पण कापड मुडपायचं ते मुडपेलच. दुकानात पाकीट न वाचता पाती बघा.

तात्पुरतं काम भागवायचं असेल तर उजवीच कात्री डाव्या हातात धरून जोर उलटा लावा: अंगठा तळहाताकडे ओढा आणि बोटं बाहेर ढकला. मधला स्क्रू फिरवता येण्याजोगा असेल तर पाव फेरा आवळा, फट कमी होते. जास्त आवळलात तर कात्री जड चालेल आणि हात भरून येईल. रिव्हेट मारलेली कात्री आवळता येत नाही. गोल कापताना कागद असा धरा की कात्री घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाईल. उजव्या हाताचे लोक उलट्या दिशेने कापतात, आणि शाळेत बहुधा तेच शिकवलं जातं.

यात एक मेख आहे. वर्षानुवर्षं उजवी कात्री वापरलेल्या डावखुऱ्याच्या हातात खरी डावी कात्री दिली की ती आधी वाईट चालते. हात उलटा जोर लावायला शिकलेला असतो, आणि डाव्या कात्रीत तोच जोर पाती वेगळी करतो. लगेच ‘मला जमत नाही’ म्हणून परत करू नका. रद्दीच्या कागदावर हात सैल ठेवून रोज थोडं कापा, सवय मोडते. शिवणकाम करणाऱ्यांनी तर यात कंजुषी करूच नये. कापडाच्या मोठ्या कात्रीची मूठ बोटांच्या आकाराची घडवलेली असते. ती चुकीच्या हातात गेली की अंगठ्याच्या बुडाशी घट्टे पडतात.

वही, पेन आणि शिरोरेषा

देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे डावा हात नुकत्याच लिहिलेल्या ओल्या शाईच्या मागोमाग येतो. यावर मुलं आपोआप एक उपाय शोधतात: मनगट आकड्यासारखं वाकवून ओळीच्या वरून लिहायचं. शाई वाचते, पण मनगट तासाभरात दुखायला लागतं आणि परीक्षेत वेग पडतो. त्याऐवजी हात ओळीच्या खाली ठेवून लिहायची सवय लावावी. त्यासाठी पुढच्या गोष्टी जुळवा.

वही छातीच्या मध्यरेषेच्या किंचित डावीकडे ठेवा. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीस ते चाळीस अंश फिरवा, म्हणजे वहीचा उजवा खालचा कोपरा तुमच्याकडे येईल. उजव्या हाताने लिहिणारे बरोबर उलटा तिरपेपणा देतात, आणि मुलाची वही ‘सरळ कर’ म्हणून मोठी माणसं तीच फिरवून ठेवतात. ती फिरवू नका. पेन टोकापासून अडीच ते साडेतीन सेंटिमीटर वर धरा. टोकाजवळ धरलं की बोटं अक्षरच झाकतात, आणि ते दिसावं म्हणून मनगट पुन्हा वाकतं. डावा कोपर अंगाला चिकटलेला नको. दिवा उजवीकडून हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी पेनाच्या टोकावर पडते.

शिरोरेषेची बाब डावखुऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. शब्द लिहून झाल्यावर हात शब्दाच्या शेवटी असतो. रेघ डावीकडून मारायची तर तो ओल्या अक्षरांवरून मागे न्यायचा आणि पुन्हा त्यांवरूनच पुढे आणायचा. शिवाय डाव्या हाताने डावीकडून उजवीकडे रेघ मारणं म्हणजे पेन ढकलणं, आणि ढकललेली रेघ थरथरते. तीच रेघ उजवीकडून डावीकडे ओढा. हात जिथे आहे तिथूनच सुरुवात होते, पेन ओढलं जातं, रेघ सरळ येते. कागदावर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. इंग्रजी टी-वरची आडवी रेघही अशीच मारावी. शिक्षकांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण अक्षर वळणदार असूनही ‘रेघ उलटी मारतो’ म्हणून मुलाला खोडायला लावणारे भेटतात.

कित्ता गिरवताना नमुन्याचं अक्षर ओळीच्या डाव्या टोकाला छापलेलं असतं. डावखुऱ्या मुलाचा हात ते झाकतो आणि मूल आठवणीने अक्षर काढतं, मग प्रत्येक अक्षर थोडं थोडं बिघडत जातं. ओळीच्या उजव्या टोकाला तेच अक्षर पेन्सिलीने काढून द्या. चार ते सहा वर्षांच्या वयात अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी येणं उजव्या हाताच्या मुलांतही दिसतं, त्यासाठी हात बदलू नये. ओळ जिथे सुरू करायची तिथे डावीकडे एक लाल ठिपका द्या.

पेन घेताना दुकानात एक ओळ लिहून मनात तीन आकडे मोजा आणि बोट फिरवा. फरफटली तर ते पेन नको. जेल पेनं गुळगुळीत कागदावर जवळजवळ नेहमीच फरफटतात. पातळ शाईचं बॉलपेन सगळ्यात बिनत्रासाचं. शाईचं पेन आवडत असेल तर निब फार बारीक घेऊ नका, कारण डावा हात निब ढकलतो आणि बारीक निब कागदात रुतते. लामी आणि पेलिकन या जर्मन कंपन्या डाव्या हातासाठी वेगळी निब बनवतात. स्पायरल वही घ्यायचीच तर वरच्या बाजूला स्पायरल असलेली घ्या, किंवा साधी स्पायरल वही मागच्या पानापासून लिहा. फूटपट्टीवर आकडे डावीकडून वाढतात आणि डावा हात नेमका शून्य झाकतो. बारा सेंटिमीटरची रेघ हवी तर पेन्सिल बारावर टेकवून शून्याकडे ओढा.

दोघांच्या बाकावर डावखुऱ्याने डावीकडे बसावं. उजवीकडे बसलं तर दोन कोपरांची टक्कर तास संपेपर्यंत चालते. कॉलेजात उजव्या हाताला फळी जोडलेल्या खुर्च्या असतात, त्यात डावखुऱ्याचं सगळं अंग पिळवटतं. वर्गात डावीकडची खुर्ची रिकामी ठेवून तिची फळी वापरता येते, कारण ती तुमच्या डाव्या हाताशीच येते. परीक्षेत हे चालत नाही, म्हणून टेबल-खुर्चीची मागणी पेपरच्या आधी, लेखी आणि परीक्षा विभागाकडे करा. पेपरच्या दिवशी पर्यवेक्षकाकडे मागून उपयोग नसतो, त्यांच्या हातात काही नसतं.

फळ्यावर मात्र डावखुरा शिक्षक फायद्यात असतो. त्याचं अंग अजून न लिहिलेला भाग झाकतं, लिहिलेलं वर्गाला दिसत राहतं. तळवा फळ्याला टेकवायचा नाही, एवढंच.

स्वयंपाकघर

जुनी विळी या बाबतीत नव्या अवजारांपेक्षा समंजस आहे. पातं मधे उभं, धार आपल्याकडे, भाजी दोन्ही हातांनी पात्यावर लोटायची. डावखुऱ्याने पाट डाव्या पायाखाली दाबावा आणि लोटायचं काम डाव्या हाताला द्यावं, बाकी काही बदलावं लागत नाही. मात्र धारवाल्याने पातं एकाच अंगाने घासलं असेल तर फोडी एका बाजूला तिरक्या जातात. त्याला दोन्ही अंगांनी सारखी धार लावायला सांगा. चाकूचंही तेच. साधा चाकू दोन्हीकडून घासलेला असतो, त्याला हात नसतो. पावाचा दातेरी चाकू मात्र बहुधा एकाच बाजूने घासलेला असतो, आणि डाव्या हातात पावाची चकती वर जाड, खाली पातळ अशी निघते. दोन्ही बाजूंनी घासलेला मिळाला तर तो घ्या, नाहीतर पाव बेकरीतूनच कापून आणा.

सोलाण्याचं पातं एकाच कडेने धारदार असेल तर डावखुऱ्याला ते स्वतःपासून लांब ढकलत सोलावं लागतं. इंग्रजी वाय-सारख्या आकाराचं, हलत्या पात्याचं आणि दोन्ही कडांना धार असलेलं सोलाणं घ्या.

चोचीचं भांडं घेताना नीट बघा. उजव्या हाताचा माणूस दांडा धरून भांडं डावीकडे कलंडवतो, म्हणून एकच चोच असेल तर ती डावीकडे असते. डाव्या हाताने ओतताना भांडं उजवीकडे कलतं, तिथे चोच नसते, आणि चहा कपाऐवजी भांड्याच्या अंगावरून ओट्यावर उतरतो. दोन्हीकडे चोची असलेलं भांडं मिळतं आणि ते सगळ्या घराला चालतं. मापाच्या पेल्याचे आकडेही उजव्या हातात धरणाऱ्याच्या बाजूला असतात. डाव्या हातात धरलं की समोर कोरी बाजू येते किंवा भलत्याच मापाची. आरपार दिसणारा, दोन्हीकडे मिलिलिटर छापलेला पेला घ्या.

चिरताना न चिरलेली भाजी उजवीकडे आणि चिरलेल्याचं भांडं डावीकडे ठेवा. हात एकमेकांवरून जात नाहीत. गॅसवरच्या कढल्याचे, तव्याचे दांडे डावीकडे वळवायची सवय होते, पण घरात दुसरा उजव्या हाताचा माणूस रांधत असेल तर त्याला सांगून ठेवा. तो सवयीने उजवीकडे हात घालतो आणि त्याचं मनगट डाव्या बाजूच्या दांड्याला अडकतं. चकलीचा फिरवायचा सोऱ्या डाव्या हाताला दमवतो. का, ते पुढे हत्यारांत येईल. दोन्ही हातांनी दाबायचा सोऱ्या घेतला तर प्रश्नच उरत नाही. पोळपाट-लाटण्याला हात नसतो. पोळी लाटताना ती उलट्या दिशेने फिरते, फिरू दे.

डाव्या हाताचे मग, डाव्या हाताची घड्याळं वगैरे भेटवस्तू म्हणून विकतात. त्यांची गरज नाही.

पंगत, प्रसाद, देणंघेणं

इथे मत मांडण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे जेवणारा हात उष्टा आणि दुसरा हात वाढून घ्यायचा, ही शिस्त आहे. उजव्या हाताने जेवणारा डाव्या हाताने पळी धरतो. डाव्या हाताने जेवणाऱ्याने म्हणूनच पळी, पाण्याचा तांब्या, लोणच्याची बरणी हे सगळं उजव्या हाताने घ्यावं. डावखुरी माणसं घाईत नेमकं हे विसरतात, खरकट्या डाव्या हाताने सामाईक पळी उचलतात, आणि मग चिडलेली मंडळी दोष डावखुरेपणाला देतात.

ताटाची मांडणीही उजव्या हाताची आहे: चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. डाव्या हाताने जेवताना आमटीच्या वाटीपर्यंत हात ताट ओलांडून जातो आणि बाही भातात बुडते. घरी वाटी सरळ डावीकडे घ्या. पंगतीत वाढप्याशी वाद न घालता वाढून झाल्यावर वाटी हलवा. बसायला रांगेचं तुमच्या डावीकडचं टोक पकडा, म्हणजे डाव्या कोपराला शेजारी उरत नाही.

तीर्थ, प्रसाद, हळदीकुंकू, पैसे यांसाठी आमचं मत असं: जिथे समोरच्याला खुपेल तिथे उजवा हात पुढे करा किंवा दोन्ही हातांनी द्या-घ्या. क्षणाचं काम असतं, त्यात कौशल्य लागत नाही, आणि दोन्ही हात पुढे केले की कुणाचीच तक्रार नसते. पण रोजचं जेवण, लिहिणं, चिरणं ही कौशल्याची कामं आहेत. त्यात हात बदलायला लावणं वेगळं, आणि तिथे आजी-आजोबांनाही आदराने पण ठाम ‘नको’ म्हणावं. मूल उष्टा हात आणि वाढायचा हात नीट सांभाळत असेल तर बहुतेक तक्रारी तिथेच थांबतात.

स्क्रू, ड्रिल, विळा

मनगट तळवा वर येईल असं फिरवताना दंडाचा मोठा स्नायू मदतीला येतो, उलट फिरवताना तेवढा जोर मिळत नाही. उजव्या हाताची ही जोरकस फिरकी घड्याळाच्या दिशेने असते, म्हणजे स्क्रू आवळायची. डाव्या हाताची सैल करायची. म्हणून डावखुरा माणूस घट्ट बसलेलं झाकण चटकन उघडतो, पण स्क्रू मात्र अर्धवट सैल ठेवतो. शेवटचा पाव-अर्धा फेरा उजव्या हाताने आवळा, किंवा आडव्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर वापरा.

ड्रिल मशीनमध्ये खरा धोका आहे. ट्रिगर दाबलेला ठेवायची कळ बहुतेक यंत्रांत मुठीच्या डाव्या बाजूला असते, उजव्या अंगठ्याला सापडावी म्हणून. डाव्या हाताने धरलं की ती तळव्याखाली येते आणि नकळत दाबली जाते. ट्रिगर सोडला तरी ड्रिल फिरत राहतं. कामाआधी प्लग काढून मूठ धरून बघा, कळ कुठे टोचते ते कळेल. दाबली गेलीच तर ट्रिगर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, कळ सुटते. अँगल ग्राइंडरची आडवी मूठ बहुतेक यंत्रांत दोन्ही बाजूंना बसते. ती उजवीकडे बसवा आणि गार्ड असा फिरवा की ठिणग्या अंगावर येणार नाहीत. हे सगळं प्लग काढल्यावर.

शेतातल्या दातेरी विळ्याचे दाते एकाच अंगाने काढलेले असतात. डाव्या हातात ते अंग वरखाली बदलतं आणि धांडं कापलं न जाता ओढलं जातं. गावात लोहार असेल तर डाव्या हाताचा विळा करून मागा, त्याच्यासाठी दाते दुसऱ्या अंगाने काढायचा एवढाच फरक. कडबाकुट्टीवर मात्र कसलीही स्वतःची सोय लावू नका. वैरण सरकवायची बाजू, थांबवायची कळ सगळं उजव्या हाताच्या हिशेबाने आहे, आणि डावा हात आडवा नेऊन वैरण ढकलणं म्हणजे पात्याजवळ तोल घालवणं.

बाकी थोडक्यात

संगणकावर माउस डावीकडे घेतला की उजवा हात आकड्यांच्या कळांसाठी मोकळा राहतो, हिशेबाच्या कामात याचा फायदा होतो. माउस दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा हवा. विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमधून मुख्य बटण उजवं करता येतं. सामाईक संगणक असेल तर बटण न बदलता मधल्या बोटाने क्लिक करायला शिका, म्हणजे पुढच्या माणसाचा गोंधळ होत नाही. बँकेत दोरीने बांधलेलं पेन उजवीकडे असतं आणि दोरी पुरत नाही. स्वतःचं पेन जवळ ठेवा.

गाठ मारणं, बुटाची नाडी, क्रोशा, मेंदी असं काही उजव्या हाताच्या माणसाकडून शिकायचं असेल तर शेजारी न बसता समोरासमोर बसा. आरशातल्यासारखं दिसतं आणि तसंच्या तसं उचलता येतं. रांगोळी उजवीकडून सुरू करा, नाहीतर कोपर काढलेलं पुसत जातो. तबल्यात दायां डावीकडे आणि डग्गा उजवीकडे मांडून वाजवता येतं, गुरूंना पहिल्याच दिवशी विचारा. हॉकीत पर्याय नाही: नियमानुसार स्टिक उजव्या हाताचीच असते, तीच शिकावी लागते.

मुलाचा हात साधारण दोन ते चार वर्षांत कळू लागतो, पाच-सहापर्यंत पक्का होतो. त्याच्या आत वस्तू मुलाच्या मधोमध ठेवा आणि ते कोणत्या हाताने उचलतं ते बघा, सुचवू नका. मात्र वर्ष-दीड वर्षाच्या आतच बाळ सारखा एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत किंवा लुळा राहत असेल, मग तो हात डावा असो की उजवा, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो डावखुरेपणाचा प्रश्न नसून दुसऱ्या हातात अशक्तपणा असण्याची शक्यता असते.

इस्पितळात दाखल झालात तर सलाइनची सुई लावायच्या आधी नर्सला सांगा, ‘मी डावखुरा आहे, उजव्या हाताला लावा.’ त्यांना विचारायची सवय नसते, आणि एकदा सुई डाव्या हाताला लागली की ती काढेपर्यंत जेवण, फोन आणि संमतीपत्रावरची सही सगळंच अडतं. इंजेक्शन, लस आणि रक्तदानालाही उजवाच हात पुढे करा.